वाटे पाडणारी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी माय म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लावून पाठवलीय देवानं. लग्नानंतर नवरा म्हणायला लागला की हिच्याबरोबर सिनेमाला जाण्यात अर्थ नाही, मध्यंतराआधीच ही उठून बाहेर. नकाशांचा नाद मला या चुळबुळीतूनच लागला असावा. लोकांना वाटतं, नकाशा बघितला की आपण कुठं आहोत ते कळतं आणि जिवाला बरं वाटतं. माझं उलटं आहे. नकाशा समोर आला की त्यात काय दाखवलेलं नाही तेच मला आधी दिसतं, आणि मग दिवसभर चैन पडत नाही.

पहिला नकाशा मी पाहिला तो आमच्या गावच्या पटवाऱ्याच्या ओसरीवर. गाव वैजापूर तालुक्यात, पण आम्हाला जवळचं लासूर स्टेशन. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळं निजामाचं राज्य मी पाहिलं नाही. पण त्याचा नकाशा पाहिला. कचेऱ्यांतली भाषा बदलली, साहेब बदलले, भिंतीवर टांगलेला गावचा नकाशा मात्र तोच राहिला होता. कापडावर चिकटवलेला, कडा तेलकट झालेल्या, आणि सगळी अक्षरं उर्दू. वडील उर्दू शाळेत शिकलेले. ते उजवीकडून डावीकडं बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले.

"हे आपलं रान," ते म्हणाले.

माझ्या नखाएवढा तुकडा होता तो. ज्या रानात मला एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पळताना धाप लागायची, ते नखाएवढं. मी विचारलं, आंबा कुठंय? वडील हसले. "नकाशात झाडं नसतात. नकाशात हद्दी असतात." मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. पण त्यानंतर पटवाऱ्याकडं जायचं निघालं की मी त्यांच्या आधी चप्पल घालून दारात उभी असायची.

शाळेत मग रीतसर सुरुवात झाली. आधी वर्गाचा नकाशा, मग शाळेचा, मग जिल्ह्याचा. रबरी शिक्क्यानं वहीत महाराष्ट्र उमटवायचा आणि त्यात नद्या भरायच्या. माझी गोदावरी नेहमी शिक्क्याच्या रेघेबाहेर जायची, कारण मला ती पुढं कुठं जाते ते दाखवायचं असायचं. कॉलेजसाठी औरंगाबादला आले तेव्हा प्रात्यक्षिकं आली: साखळी, होकायंत्र, तिकाटण्यावर ठेवलेला सपाट फळा, त्याला प्लेन टेबल म्हणायचे. समोच्च रेषा शिकवल्या त्या दिवशी मला हसू आवरेना. दौलताबादचा एवढा डोंगर, कागदावर कांद्याच्या चकतीसारखा दिसत होता. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की सपाटी. हे एकदा कळलं आणि मला रस्त्यानं नीट चालता येईना. पैठण गेटापासून निघालं की पावलागणिक मनात रेघा.

पुढं मी भूगोल शिकवायला लागले. जुन्या शहरातली मुलींची शाळा, गुलमंडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी एकच काम द्यायची: घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून आणा. मोजमाप चुकलं तरी चालेल, मनातून काढा. त्या नकाशांतून मला मुली कळायच्या. कापडवाल्याची मुलगी प्रत्येक दुकान काढायची आणि मशीद, देऊळ, पोलीस चौकी विसरायची. एका मुलीनं मोठा रस्ता काढलाच नाही, नुसत्या मागच्या गल्ल्या. विचारल्यावर म्हणाली, "बाई, मोठ्या रस्त्यानं अब्बा जाने नहीं देते." एकीनं वाटेतला एक चौक गाळला होता, आणि तिथं पानाच्या ठेल्यावर रोज पोरं उभी असतात हे मला माहीत होतं. काढलेलं सगळ्यांना वाचता येतं. गाळलेलं वाचायला शिका, असं मी वर्गात सांगायची. सांगताना स्वतःवर खूष असायची.

मग वडील गेले.

दोघं भाऊ, मधली मी. थोरला दादा गावात राहून शेती बघायचा. धाकटा घरून ये-जा करत लासूरला आडतीवर कामाला होता, पण त्यालाही आता रान वेगळं हवं होतं. आमच्याकडं वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. जो वाटे पाडतो त्याला शेवटी उरलेलं मिळतं, म्हणून तो वाकडं पाडत नाही. मला ही रीत फार हुशारीची वाटते, कोर्टकचेऱ्यांपेक्षा बरी. पण दादानं नजरेच्या अंदाजानं वाटे पाडले आणि धाकटा उचलेना. म्हणे, दादानं बरड रान चांगल्यात मोजलंय. दादानं पुन्हा पाडले, त्यानं पुन्हा मान हलवली. दोघं एका घरात राहून मायच्या मार्फत बोलायला लागले.

दिवाळीला मी गेले तेव्हा दादानं मला ओट्यावर बोलावलं. धाकटाही येऊन बसला, म्हणजे आधी ठरलेलं होतं.

"बाई, नकाशा तू काढ," दादा म्हणाला. "वाटेबी तूच पाड. तू शिकलेली. अन् तुला त्यातलं काय घ्यायचं नाय, म्हणून तुझ्यावर आमचा दोघांचाबी भरवसा."

"व्हय आक्का," धाकटा म्हणाला. "तू पाडलेलं मी डोळे झाकून उचलीन."

आणि जाता जाता दादानं सांगितलं की वाटण्या झाल्या की तुझी हक्कसोडाची सही लागंल, तेव्हा एक दिवस वैजापूरला यावं लागंल. हे त्यानं इतकं सहज सांगितलं की मीही सहज 'बरं' म्हणाले. बहिणीनं हक्क सोडायचा असतो, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते येतंच. आमच्या शिक्षकखोलीत निम्म्या बायकांनी साडी-चोळी घेऊन अशी सही केलेली होती. रेल्वेत बसल्यावर मात्र माझ्या डोक्यात आलं: सही माझी लागते, त्या अर्थी काहीतरी माझं आहेच की. नसलेलं कसं सोडणार? पोटूळ मागं पडलं, दौलताबाद मागं पडलं, आणि मी डब्यात दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. समोरच्या म्हातारीनं विचारलं, पोरी, काही हरवलंय का?

मोजणी नाताळच्या सुट्टीत करायची ठरवली. तिकाटणं कॉलेजातून मागून आणलं, फळा शाळेतला नेला. साखळी मिळाली नाही, म्हणून बैलाचा लांब कासरा घेतला आणि त्याला मापानं गाठी मारल्या. दोरीचं दुसरं टोक धरायला भाऊ चालणार नव्हते. एकानं धरलं असतं तर दुसऱ्याला संशय. म्हणून माय आली. पदर खोचून ती पुढं चालायची, थांबायची, दोरी ताणायची आणि ओरडायची, "आली का गं गाठ?" तिला हे काम आवडलं होतं. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा रानात आली होती. घरात ती दोन मुलांच्या मधली निरोप्या झाली होती, इथं ती नुसती चालत होती.

रान पूर्ण फिरून मी पहिल्या दगडाशी परत आले आणि कागदावर रेघ जोडायला गेले, तर ती जुळेना. शेवटचा बिंदू पहिल्यापासून चांगला बोटभर लांब. मोजणीत थोडी चूक येतेच, ती सगळ्या बाजूंवर वाटून टाकायची असते. पण बोटभर म्हणजे फार. मी पुन्हा गणित केलं, पुन्हा कोन तपासले. मायवर चिडले, दोरी सैल धरतेस म्हणून. ती दोरी गुंडाळत बसली. मग म्हणाली, "सकाळच्याला भिजली व्हती ना ही."

खरंच. विहिरीकडची बाजू सकाळी मोजली होती. रात्री गव्हाला पाणी दिलेलं, वाफे ओले, दव पडलेलं. कासरा भिजून आखडला होता, म्हणून त्या बाजूला रान होतं त्यापेक्षा मोठं निघालं. दुपारी उन्हात वाळून तो पुन्हा लांबला. वाळल्या दोरीनं ती बाजू पुन्हा मोजली तेव्हा रेघ जुळली. धाकट्याला हे कळलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, विहिरीचं रान वाढवून दाखवायचं होतं.

शहरात परत आल्यावर मी एकावर एक नकाशे काढले. आधी नुसती हद्द. मग पारदर्शक कागद त्यावर ठेवून मातीचा: काळं रान, मध्यम रान, आणि ओढ्याकडचं बरड, जिथं नांगर दगडाला लागतो. मग पाण्याचा: विहीर कुठं, पाट कुठून, पाऊस पडला की पाणी कुठल्या बाजूला धावतं. मग वाटेचा: बैलगाडी कुठून आत जाते. हे सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले की रान पूर्ण दिसायचं. मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, छान झालंय, आता मधून एक रेघ मार आणि मोकळी हो.

ती रेघच मला मारता येईना. दोन वाटे पाडणं अवघड होतं असं नाही. मी पाडले, मोडले, पुन्हा पाडले, आणि दर वेळी पेन्सिल ओढ्याकडच्या बरडावर जाऊन रेंगाळायची. तिथं काहीच पिकत नव्हतं. बाजरी टाकली तर गुडघ्याएवढी येऊन वाळायची. तरी त्या तुकड्याभोवती मी हलकी रेघ मारायची आणि खोडायची. कागद तिथं खरबरीत झाला होता. आठवडाभर मी वर्गात नीट शिकवलं नाही, स्वयंपाकात मीठ दोनदा टाकलं, आणि एका संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना मला सरळ कळलं की मला ते रान हवं आहे. दया म्हणून नको, आठवण म्हणून नको. जमीन म्हणून, माझी म्हणून हवी आहे. इतकी साधी गोष्ट होती आणि ती कबूल करायला मला नकाशाचे चार थर लागले.

नवऱ्याला सांगितलं. तो घाबरला. "भावांशी वाकडं घेऊन तुला काय मिळणार? दगड?"

"हो, दगडच," मी म्हणाले.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी नकाशा घेऊन गेले. गाडीत या वेळी मी जागेवर बसून होते. ओट्यावर सतरंजी टाकलेली. मी कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि समजावून सांगायला लागले. काळं रान कमी, पण दोन पिकांचं. रस्त्याकडचं मध्यम, त्याला मी विहिरीचा पाट दिला आहे. ओढ्याकडचं सगळ्यात मोठं, पण बरड. विहीर काळ्या रानात, पाण्याची पाळी सगळ्यांना सारखी. कुणीही कुठलाही वाटा घ्यावा, वर्षाअखेर फारसा फरक पडणार नाही, इतकं मी ते तोलून काढलं होतं. आजही मला त्या वाट्यांचा अभिमान आहे.

धाकटा आधी हसला. त्याला वाटलं, आक्का चुकली.

"हे तर तीन हायेत," तो म्हणाला.

"तीनच," मी म्हणाले. "वाटे पाडणाऱ्यानं शेवटी उचलायचं, हीच आपली रीत ना? वाटे मी पाडलेत. तुम्ही दोघं आधी उचला. उरंल ते माझं."

दादानं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचा चेहरा वडिलांसारखा आहे, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

"बाई," तो हळू म्हणाला, "तुला भाऊ पाहिजेत का रान?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. गच्चीवर मी त्याची पन्नास उत्तरं तयार केली होती. तोंडात आलं ते वेगळंच होतं. "दोन्ही पाहिजेत. तुला कुणी कधी विचारलं का दादा, तुला बहीण पाहिजे का रान?"

दादा उठून उभा राहिला. त्याला मला उलट बोलायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. त्याला कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवं होतं. त्यानं घरात तोंड करून हाक मारली. "माय, ये बरं बाहेर. हिला काय सांगायचं ते तूच सांग."

माय भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं बाहेर आली. दादानं तिला सांगितलं, ही तिसरा वाटा मागतेय. माय नकाशासमोर उकिडवी बसली आणि मला विचारलं, "उगवत कंच्या बाजूला?" मी दाखवली. तिनं वाट्या बाजूला केल्या आणि कागद धरून फिरवला, खऱ्या उगवतीकडं उगवत येईपर्यंत. मग तिचं बोट चालायला लागलं, आम्ही दोरी घेऊन चाललो होतो तसंच, दगडापासून दगडापर्यंत. कागदावर पिठाची पांढरी रेघ उमटत गेली. पूर्ण फेरी मारून तिनं विचारलं, "ही तीन लेकरांची तीन व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. मला वाटलं, आता ती माझ्या बाजूनं बोलणार.

"अन् मी कुठं हाय ह्याच्यात?"

मातीचा थर काढला होता, पाण्याचा काढला होता, वाटेचा काढला होता, आणि जिनं दोरीचं टोक धरून सगळं रान मोजलं, तिचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की आता ही उठून आत जाईल आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

धाकटा गडबडीनं म्हणाला, "माय, तू आमच्याकडंच की. सहा महिने दादाकडं, सहा महिने माझ्याकडं. तसं ठरलंय आमचं."

"मंजी रानासारखं मला बी वाटून घेतलंय," माय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती माझ्याकडं वळली. "चार पाड."

मी तिथंच पारदर्शक कागद टाकला. रेघ सरळ आली. काळ्या रानातून विहिरीभोवतीचा एक लहान तुकडा वेगळा काढला, इतर वाटे थोडे थोडे सरकवले. दादा ओट्याच्या कडेला पाठमोरा उभा राहिला, पण गेला नाही. कागद पुरा झाल्यावर पुन्हा अडलं: आधी कोण उचलणार? रीत धाकट्यापासून. धाकट्यानं दादाच्या पाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "माय, तूच उचल आधी." त्याला वाटलं असणार, ती बाई माणूस, घराजवळचं काहीतरी धरील.

मायनं क्षणभरही विचार केला नाही. पिठाचं बोट तिनं विहिरीवर ठेवलं.

सातबाऱ्यावर चार नावं चढायला पुष्कळ दिवस गेले. धाकट्यानं उरलेलं काळं रान घेतलं, दादानं रस्त्याकडचं. बरड माझ्या वाट्याला आलं. तिथं मी सीताफळं लावली, काही जगली, काही गेली. दादा दोन भाऊबिजांना माझ्याकडं आला नाही. मी वाट बघत दारात उभी राहायची आणि स्वतःवरच वैतागायची. तिसऱ्या वर्षी तो आला, जेवला, रानाचा विषय काढला नाही. आजही आमच्यात तो विषय निघाला की एकजण उठून पाणी प्यायला जातो.

पाण्याची पाळी मात्र मायच्या हातात राहिली, ती असेपर्यंत. कांद्याची लागवड आली की दादा खांद्यावर खोरं घेऊन तिच्या दारात उभा राहायचा आणि विचारायचा, माय, आज पाणी सोडू का? माय आतून म्हणायची, "थांब, आधी पोरीच्या झाडांचं व्हऊ दे."